गरम मासळी पाव, पार्सल नाही

बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा असं मोजत गेलं की बऱ्याच मराठी घरांत मासळीला एवढेच वार उरतात. माझा धंदाही याच तीन वारांवर चालतो. माहीमला तळमजल्यावर आमची जागा आहे. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडते, आणि त्या खिडकीतून मी दुपारी बारा ते अडीच गरम मासळी पाव देते. तरुण मुलं त्याला फिश सँडविच म्हणतात, म्हातारी माणसं बोंबील पाव म्हणतात. बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला आलेली माणसं परतताना आमच्या गल्लीत वळतात. शुक्रवारी शेजारच्या ख्रिस्ती घरांतून मागणी असते, कारण जुन्या वळणाच्या घरांत त्या दिवशी मटण-कोंबडी शिजत नाही. रविवारी सगळेच येतात. खिडकीवर एक पाटी आहे. तिच्यावर भाव आहे, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आहे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: पार्सल मिळणार नाही.

या शेवटच्या ओळीवरून माझ्याशी जितकी माणसं भांडली तितकी भावावरून भांडली नाहीत. म्हणून ती ओळ का लिहिली ते एकदा सविस्तर सांगावंसं वाटतं. ते सांगितलं की हा पाव घरी कसा करायचा तेही आपोआप सांगून होतं, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. ते मूळ म्हणजे पाणी.

खिडकी सुरू करण्याआधी मी डबे करायचे. ऑफिसात जाणाऱ्यांचे. सकाळी साडेनऊला डबा बंद व्हायचा आणि दुपारी एकला उघडायचा. मासळीच्या वारी त्यात तळलेली तुकडी असायची. लोक आवडीने खायचे, तक्रार कुणाचीच नव्हती. पण घरी उरलेली तुकडी मी त्याच वेळी, एक वाजता, खाऊन बघायचे. रवा ओला झालेला असायचा, मासा आक्रसलेला, आणि जो वास तव्यावर भूक वाढवतो तोच डब्यात कोंडून जड झालेला. तव्यावरून उतरताना ती तुकडी काय होती हे मला माहीत होतं, खाणाऱ्याला कधी कळणारच नव्हतं. आपण चांगलं केलेलं समोरच्यापर्यंत पोचतच नाही, ही गोष्ट मला फार लागायची. मुलगा कमावता झाला, डब्यांची गरज सरली, तेव्हा ठरवलं की आता जे करायचं ते तव्यावरून सरळ हातात.

मासा कुठला? पावात घालायला माझी पहिली पसंती बोंबील. यावर पुष्कळ जण चकित होतात, कारण सँडविच म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे जाड, पांढरा, बिनकाट्याचा तुकडा येतो. पण बोंबलाएवढा मऊ मासा दुसरा नाही, आणि वरचं कवच कुरकुरीत असेल तर आतला हा मऊपणा पावाच्या मऊपणाशी असा काही मिळतो की दात कुठे अडतच नाही. मधला काटा एका हिसक्यात निघतो, बारीक काटे खाल्ले तरी चालतात. शिवाय हा इथला मासा आहे. वसई, अर्नाळा, सातपाटी, वर्सोवा, या सगळ्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात तो मिळतो. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. तोंड प्रवाहाकडे असतं, भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि मासळी मागच्या टोकाला साठते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोंबील भरपूर येतो आणि भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ नसते तेव्हा, कमी येतो. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीपेक्षा अमावास्या आधी बघितली जाते.

आता बोंबलाची अडचण. त्याच्या अंगात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. सुरमईसारख्या घट्ट माशात ते साधारण ७५ टक्के असतं. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण तव्यावर दोन्ही माशांची जात वेगळी आहे हे लगेच दिसतं. बोंबील तसाच तेलात टाकला तर तो तळला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. कोळीवाड्यांनी या पाण्यावर फार पूर्वीच उत्तर काढलं. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या लांब मांडवावर, बोंबील जोडीजोडीने टांगून उन्हा-वाऱ्यात वाळवायचा. आपल्याला ओला हवा असेल तर दुसरा उपाय, तो दाबायचा.

दाबायचा कसा ते नीट सांगते, कारण अख्ख्या कामातला हाच भाग टाळला जातो. डोकं, शेपूट, पर काढायचे. पोटाकडून चीर देऊन मासा उघडा पसरायचा आणि मधला काटा सुरीच्या टोकाने उचलून ओढायचा. धुवायचं ते याच्या आधी, नंतर पाणी लावायचं नाही. एका पोळपाटावर जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा अंथरायचा. त्यावर बोंबील शेजारी शेजारी ठेवायचे, एकावर एक नाही. वर दुसरं फडकं, वर दुसरा सपाट पाट, आणि त्यावर वजन. मी वरवंटा ठेवते. घरात वरवंटा नसेल तर निम्मा पाण्याने भरलेला कुकर चालतो. पोळपाटाच्या एका बाजूखाली वाटी सरकवायची म्हणजे पाटाला उतार येतो आणि पाणी एका कडेने निघून जातं. पाऊण तास. वजन फार झालं तर मांस फडक्यात चेपून बाहेर येतं आणि मासा हातात धरवत नाही. वजन कमी पडलं तर काहीच होत नाही. फडकं उचललं की खाली फिकट गुलाबी पाणी साठलेलं दिसतं आणि मघाशी हातातून निसटणारा मासा आता अंगठ्याला थोडा चिकटतो. तो चिकटतोय म्हणजे झालं. आता रवा त्याला धरून राहील.

बाजारात बोंबील ओळखायचा तो रंगावरून. ताजा असेल तर अंगावर चकाकी असते, किंचित गुलाबी झाक असते, कातडी कुठे फाटलेली नसते. बाकी माशांचे कल्ले उचलून बघतात, डोळे बघतात. बोंबलाला तेवढा वेळही लागत नाही, शिळा बोंबील वाट्यातच मान टाकतो. पण खरं सांगायचं तर मी डोळ्यांपेक्षा आमच्या मासळीवाल्या मावशींवर भिस्त ठेवते. माझी आणि त्यांची ओळख फार जुनी. भावाला त्या सोडत नाहीत, मीही सोडत नाही, तरी एखाद्या दिवशी मी वाट्याला हात लावायच्या आत त्या म्हणतात, "आज नको नेऊ गो, कालचा हाय." त्या दिवशी खिडकीवर सुरमई असते. मला धंदा शिकवला तो या वाक्याने. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला छाती लागते.

दाबलेल्या बोंबलाला मसाला लावायचा तोही कोरडाच हवा. मिक्सरमध्ये आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही. वाटण फिरत नसेल तर कोकमाचं आगळ घालायचं. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून मीठ बेताने. हळद, तिखट. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच ख्रिस्ती. त्यांच्याकडे दर मे महिन्यात बॉटल मसाला होतो. मिरच्या, धणे, हळद आणि मसाल्याचे कितीतरी जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बियरच्या गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचे. त्यातली एक बाटली मला येते. शुक्रवारच्या बोंबलाला मी तोच लावते. त्याची चव आगरी-कोळी मसाल्यापेक्षा सौम्य असते आणि रंग सुंदर येतो.

आंबट लावायचं ते चवीसाठी आहेच, पण त्याला आणखी कारण आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि त्यातून ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. मासळीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः याचा. आम्लाशी संयोग झाला की ते हवेत उडायचं थांबतं आणि वास बसतो. आपल्या आज्या कोकम, चिंच, लिंबू लावायच्या त्यामागे हे रसायन होतं. मात्र आगळात मासा तासभर ठेवून द्यायचा नाही. आम्लाने मांसाचा वरचा थर आधीच आवळतो आणि तळल्यावर भुगा पडतो. पंधरा मिनिटं पुरे.

मग रवा. तीन वाट्या रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ. रवा कुरकुरीतपणा देतो, तांदळाचं पीठ फटी बुजवतं. घोळवायचं ते तेल तापल्यावरच. आधी घोळवून ताटलीत रांग लावून ठेवली की रवा मसाल्यातला ओलावा पितो आणि तव्यावर त्याचा लगदा होतो. घोळवून झालं की मासा उचलून हलकेच झटकायचा. सुटा रवा तेलात पडला तर जळतो आणि पुढच्या घाण्याला कडू करतो.

तवा बिडाचा. नॉनस्टिकवर मासा सुटतो छान, पण मासे टाकल्यावर तवा थंड पडतो आणि परत तापायला वेळ घेतो. बिडाच्या अंगात उष्णता साठलेली असते, थंडगार मासा पडला तरी तो डगमगत नाही. तेल तळ झाकेल एवढंच. रव्याचा एक दाणा टाकला की तो लगेच बुडबुड्यांत नाचला पाहिजे. मासा टाकला की मोठा चरचराट होतो. तो आवाज पाण्याचा आहे. उरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय, आणि जोवर ते जोरात बाहेर पडतंय तोवर तेल आत शिरत नाही. इथे मी काही बघत नाही, ऐकते. आवाज आधी जाड असतो, तडतडता. तीन-साडेतीन मिनिटांत तो बारीक होतो, सलग होतो. बारीक झाला की कवच धरलं. आता सपाट उलथनं पुरतं खाली घालून एकदाच उलटायचं. दुसऱ्या बाजूला थोडा कमी वेळ लागतो. आधी उचकून बघणारा हात कवच मोडतो, आणि एकदा मोडलं की ते परत जुळत नाही. शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते की पहिल्या घाण्याला तव्याकडे पाठ करून उभं राहा. कानाला सवय लागते.

मासा शिजायला वेळ फार लागत नाही हे लक्षात ठेवायला हवं. मटणाचे धागे लांब असतात आणि त्यांना बांधणारा चिवट भाग विरघळायला तासन्‌तास लागतात. माशाचं मांस आखूड पापुद्र्यांचं. त्या पापुद्र्यांमधला पातळ पडदा थोड्या आचेतच विरघळतो, म्हणून काट्याने दाबलं की पापुद्रा सुटतो. त्यापुढे प्रत्येक मिनिट मासा सुकवण्यात जातं.

तव्यावरून उतरवलेला मासा कागदावर ठेवू नका. कागद तेल टिपतो खरा, पण खालून वाफ कोंडते आणि तीच बाजू मऊ पडते. मी केक गार करायची जाळी वापरते. अर्धं मिनिट पुरतं, तेवढ्यात पाव तयार होतो.

पावाबद्दल लोकांची मतं कडक असतात, माझंही आहे. स्लाइस ब्रेडमध्ये मला हा मासा घालवत नाही. ब्रेड पातळ, त्याला ना कड ना अंग, दुसऱ्या घासाला तो टाळूला चिकटतो. इराण्याचा ब्रून पाव मला फार प्रिय, पण तो चहात बुडवायचा. त्याच्या कडक कवचाला दात लावला की आतला बोंबील मागून बाहेर निसटतो. सुरमईच्या तुकडीला मात्र ब्रून चालतो. बोंबलाला लादी पाव. आमचा लादी पाव येतो त्या बेकरीची भट्टी पूर्वी लाकडाची होती. २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, त्यानंतर तीही गॅसवर गेली. हवा सुधारावी यात वाद नाही, गल्लीत राहणाऱ्यांची छाती आधी. पण पावाचा माथा आता जरा फिका आणि पातळ असतो, म्हणून मी तो तव्यावर पूर्वीपेक्षा थोडा जास्त भाजते.

पाव पूर्ण कापायचा नाही, एक कड जोडलेली ठेवायची. आत दोन्ही बाजूंना लोणी लावायचं, कडेपर्यंत, आणि ती बाजू त्याच तव्यावर, मसाला उतरलेल्या तेलाच्या शेजारी टेकवायची. लोणी इथे चवीबरोबर राखणही करतं. ओल्या वस्तूचं पाणी स्निग्ध थरातून पावात लवकर शिरत नाही. वर भाजून तपकिरी झालेला पापुद्रा म्हणजे दुसरा अडसर. सँडविचवाले भय्या शिजवलेल्या बटाट्याआधी ब्रेडला लोणी कडेपर्यंत फासतात ते याचसाठी.

चटणीतही तोच हिशेब. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू यांत मूठभर डाळं घालून वाटायचं. डाळं पाणी धरून ठेवतं आणि चटणी पावावर पसरते, ओघळत नाही. कांदा पातळ उभा चिरून, मीठ चोळून, पाच मिनिटांनी मुठीत पिळून घ्यायचा. टोमॅटो नाही, काकडी नाही. मेयोनेज मागणारी मुलं येतात. मी ठेवत नाही. बोंबील स्वतःच इतका लोण्यासारखा आहे की त्याला आणखी एक पांढरा मऊ थर दिला तर तोंडात नुसतं गिलगिलीत काहीतरी येतं. त्याला हवी ती धार, आणि ती चटणीत आणि पिळलेल्या कांद्यात आहे.

चटणी, मासा, कांदा, पाव मिटायचा, तळहाताने किंचित दाबायचा, आणि द्यायचा. तव्यावरून हातात यायला दोन मिनिटं.

आता पाटीवरची ओळ. तव्यावरून उतरल्यावरही माशाच्या आत वाफ असते. ती बाहेर यायला बघते, आणि बाहेर येताना रव्यातून येते. मोकळ्या हवेत ती निघून जाते आणि रवा टिकतो. कागदात गुंडाळून वर प्लास्टिकच्या डब्यात घातलं की तिला वाट नाही. ती झाकणाला लागते, थंड होते, थेंब होऊन परत खाली पडते. सात-आठ मिनिटांत रवा गेला, पंधरा मिनिटांत पाव गेला. एका घरपोच सेवेच्या कंपनीचा तरुण मुलगा माझ्याकडे चिकाटीने यायचा. त्याने भोकांचे डबे आणून दाखवले. भोकांतून वाफ जाते हे खरं, पण मग मासा गार होतो, आणि गार लोण्यात गार तेलकट मासा कुणी खावा? तो म्हणाला, काकू, सगळे चालवून घेतात. मला ठाऊक आहे, डब्याच्या काळात मी ते रोज बघितलंय. ज्याला पहिल्यांदा बोंबील पाव खायचाय त्याने तो माझ्या नावावर गार आणि ओला खाल्ला तर पुन्हा तो बोंबलाकडे वळणार नाही, आणि तो दोष बोंबलाच्या माथी बसेल. माझं उत्पन्न कमी राहिलं तरी चालेल, बोंबलाची बदनामी माझ्या हातून होणार नाही.

ज्यांना खिडकीशी येता येत नाही, त्यांना मी कृती सांगते. सगळी सांगते, काही हातचं राखत नाही. खिडकी बंद झाल्यावर दोघी-चौघी येऊन ओट्याशी उभ्या राहून शिकून जातात. घरचा तवा आणि घरचं ताट यांत चार पावलांचं अंतर असतं, माझ्या खिडकीपेक्षाही कमी. हा पदार्थ मुळात घराचाच आहे.

दुसरे मासे? सुरमईची तुकडी बोटाच्या पेरापेक्षा जाड नको. मधलं हाड काढून दोन अर्धे करायचे, दाबायची गरज नाही, नुसती फडक्याने टिपायची. बांगडा चवीला सगळ्यांच्या वर, पण काटे फार, म्हणून तो भाजून, काटे वेचून, कांदा-मिरचीत परतून पावात भरायचा. बांगड्याबद्दल एक सावधगिरी मात्र जिवाची आहे. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टमाइन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांध्या उठतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टमाइन शिजवून जात नाही, कितीही तळा. म्हणून बाजारातून निघताना पिशवीत बर्फ हवा, आणि वाटेत भाजी-बिजी घेत हिंडायचं नाही, सरळ घर गाठायचं.

बासा कुणी सुचवला तर मी नाही म्हणते. स्वस्त असतो, काटा नसतो, आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेला वर्षभर मिळतो, आणि हॉटेलांत फिश फिंगर म्हणून पुष्कळदा तोच पुढ्यात येतो. पण त्याला समुद्राची चव नाही. पाणी बोंबलासारखं आणि चव पाण्यासारखी असा तो मासा. ज्याच्या गावाला समुद्र नाही त्याने बासापेक्षा तळ्यातला ताजा रोहू किंवा कटला घ्यावा, काटे काढायला वेळ द्यावा.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिथे फिश फिंगर सँडविच हा घरोघरचा पदार्थ आहे. १९५५ साली बर्ड्‌स आय कंपनीने ग्रेट यार्मथच्या कारखान्यातून कॉडच्या गोठवलेल्या कांड्या बाजारात आणल्या आणि तेव्हापासून मुलांना संध्याकाळी तेच. भाची त्या कांड्या भाजते, वर माझी डाळ्याची चटणी फासते, लोणी कडेपर्यंत लावते, आणि चवीबद्दल कळवते. तिचं चाललंय ते बरोबर चाललंय. गोठवलेली कांडी तव्यावर टाकण्याआधी वितळू द्यायची नाही, एवढंच मी तिला सांगितलं. वितळली की पाणी सुटतं, परत तीच गोष्ट.

आंटींशी मी एकदा शुक्रवारच्या गर्दीबद्दल बोलले तर त्यांच्या मुलाने मला अमेरिकेतली हकिगत सांगितली. सिनसिनाटीत लू ग्रोएन नावाच्या गृहस्थाचं मॅकडोनाल्ड्सचं दुकान होतं. वस्ती कॅथलिकांची. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी गल्ला रिकामा. १९६२ मध्ये त्याने तळलेल्या माशाचं सँडविच काढलं आणि दुकान तरलं. ते पुढे जगभर गेलं. मला ही गोष्ट फार आवडली. एका वाराच्या उपासामुळे एक पदार्थ जन्माला येतो, आणि इथे माहीममध्येही माझा शुक्रवार त्याच उपासावर उभा आहे. बुधवार, रविवार हिंदू घरांच्या वारांवर.

पावसाळ्यात खिडकी अर्धीअधिक बंद असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माशांची वीण व्हावी आणि खवळलेल्या समुद्रात कुणी जाऊ नये, या दोन्हींसाठी ती बंदी हवीच. त्या दिवसांत बर्फातला परराज्यातला मासा मिळतो, तो मी घेत नाही. त्याऐवजी वाळलेला बोंबील. जाळावर भाजायचा, खलबत्त्यात जाडसर कुटायचा, कच्चा कांदा, भाजलेली लाल मिरची, लसूण आणि आगळ घालून चुरायचा आणि गरम पावात भरायचा. वलांडीने आधीच पाणी काढून घेतलेलं असतं, त्यामुळे हा पाव तासभर गेला तरी बिघडत नाही. याचं पार्सल मी देते. पाटीवर त्या दोन महिन्यांपुरता खडूने बदल करते. मग श्रावण लागतो, अनेक घरांत मासळी पूर्ण बंद होते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या जोमाने निघाल्या की मावशींच्या टोपलीत पुन्हा ओला बोंबील दिसायला लागतो.

एक गोष्ट शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी बजावते. आपल्या घरांत तळणारी बाई शेवटी जेवते. सगळ्यांना गरम गरम वाढून होतं आणि तिच्या ताटात निवलेली, ओली पडलेली तुकडी येते. वरण-भात मागून खाल्ला तर काही बिघडत नाही. मासळी पावाला ही पद्धत चालत नाही, कारण निवल्यावर तो पदार्थच राहत नाही. म्हणून घरी करणार असाल तर आधीच ठरवून घ्या की दोन घाण्यांनंतर तव्याशी दुसरं कुणी उभं राहील. नवरा, मुलगा, सासरे, कुणीही. दाबून, मसाला लावून सगळं तयार असतं, उरतं ते फक्त घोळवणं आणि ऐकणं, आणि ते कुणालाही शिकता येतं. आमच्याकडे रविवारी अडीचला खिडकी लावली की घरच्या पावांचा दुसरा घाणा मुलगा घेतो. तो चटणी जरा जास्त लावतो आणि कांदा पुरता पिळत नाही, पण पाव माझ्या हातात येतो तेव्हा चटका बसेल इतका गरम असतो. मी तो ओट्याला टेकून तिथेच खाते.